माइनक्राफ्टमध्ये बॅटरी कोण पितंय? मॉड काढण्याआधी हे करून बघा

मॉड (गेममध्ये नवी यंत्रं आणि वस्तू आणणारी, वरून घातलेली जोडणी) घातलेल्या माइनक्राफ्टमध्ये एखादी वस्तू नुसती खिशात असताना चार्ज गमावायला लागली की पोरं आधी मॉड काढायला धावतात. काढू नका. मॉड काढून वर्ल्ड उघडलं की त्या मॉडचे ब्लॉक आणि वस्तू नाहीशा होतात, आणि मॉड परत टाकला तरी त्या परत येत नाहीत. एवढं करून चोर भलताच निघतो. आधी मोजा: किती ऊर्जा गेली, किती सेकंदांत गेली आणि गेली कुठे. हे तिन्ही कागदावर आलं की पुढचं शोधकाम फार उरत नाही.

मी पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रिकल लॅबमध्ये मुलांकडून रीडिंग लिहून घेते, तो माझा पोटापाण्याचा उद्योग. संध्याकाळी भाचा आणि त्याच्या दोस्तांसाठी घरच्या जुन्या पीसीवर एक छोटा सर्व्हर चालवते. त्यामुळे ‘आत्या, माझी बॅटरी कोणीतरी पितंय’ हे वाक्य अधूनमधून कानावर पडतच असतं. त्यातले खरे बग थोडेच. पण थोडे असले तरी असतात, आणि ते ओळखायची पद्धत खोट्या तक्रारी निकालात काढायला पण चालते. खाली लिहिलंय ते जावा एडिशन १.२०.१ आणि फोर्ज (मॉड चालवणारा लोडर) धरून आहे, कारण आमचा सर्व्हर त्यावर आहे. नव्या आवृत्तीत जिथे फरक पडतो तिथे सांगेन.

एककांचा गोंधळ आधी मिटवू. बहुतेक मॉड फोर्ज एनर्जी, म्हणजे एफई वापरतात. त्याआधी मॉड बनवणाऱ्या कोएफएच गटाचं रेडस्टोन फ्लक्स, म्हणजे आरएफ होतं. दोन्हींचा भाव एकास एक, त्यामुळे कुठे आरएफ दिसलं तरी एफई समजा. मेकॅनिझम हा मॉड आतून ज्यूलमध्ये हिशेब ठेवतो, आणि सेटिंग बदललं नसेल तर १ एफई म्हणजे २.५ ज्यूल. अप्लाइड एनर्जिस्टिक्स या मॉडचं १ एई म्हणजे २ एफई. दोन वस्तूंचे आकडे शेजारी ठेवून ‘जुळत नाही’ म्हणण्याआधी दोन्ही एकाच एककात आणा.

आणि टिक, म्हणजे गेमच्या घड्याळाचा एक ठोका. गेम सेकंदाला २० टिक चालतो, मॉडवाले खर्च टिकमागे सांगतात. टिकला ४० एफई ऐकायला चिल्लर वाटतं, पण ते सेकंदाला ८०० आणि मिनिटाला ४८,००० होतात. मेकॅनिझमच्या पूर्ण भरलेल्या एनर्जी टॅब्लेटमध्ये ४,००,००० एफई असतात. एवढी ऊर्जा या वेगाने ८ मिनिटं २० सेकंदांत संपते. ‘जेवून आलो तर रिकामी’ ही तक्रार म्हणजे पुष्कळदा निव्वळ गुणाकार असतो.

मोजायच्या आधी

वर्ल्डची प्रत काढा. सिंगलप्लेअरमध्ये वर्ल्ड निवडून एडिटमध्ये गेलात की ‘मेक बॅकअप’ बटण आहे, त्याने झिप तयार होते. सर्व्हर असेल तर तो बंद करा आणि मगच वर्ल्डचं फोल्डर कॉपी करा. चालू सर्व्हरवरून उचललेल्या फायली अर्धवट लिहिलेल्या असू शकतात. पुढचं सगळं त्या प्रतीवर करायचं.

सर्व्हायव्हल मोडमध्ये राहा. क्रिएटिव्हमध्ये बरेच मॉड चार्ज कापतच नाहीत, मग ‘क्रिएटिव्हमध्ये ठीक चालतंय’ या वाक्यातून काहीच हाती लागत नाही.

एफ३ धरून एच दाबा. आता वस्तूवर माउस नेला की खाली तिचा आयडी दिसेल, आणि त्यातल्या कोलनच्या आधीचा भाग म्हणजे मॉडची ओळख. ही वस्तू कोणत्या मॉडची, याचा अंदाज बांधू नका, इथे वाचा. एकसारख्या नावांची चुंबकं आणि जेटपॅक चार-चार मॉडमध्ये असतात.

गेम नीट वेगाने चालतोय का तेही बघून घ्या. पॅकमध्ये (एकत्र बांधलेल्या मॉडच्या गठ्ठ्यात) स्पार्क मॉड असेल तर चॅटमध्ये स्लॅश देऊन ‘स्पार्क टीपीएस’ टाका. उत्तर २० च्या आसपास हवं. ते १२ वगैरे आलं, तर तुमच्या सेकंदात २० टिक पडतच नाहीत आणि पुढचा सगळा भागाकार चुकतो.

रीडिंग

बंद खोलीत उभे राहा. आजूबाजूला मॉब (गेममधले प्राणी-राक्षस) नको, जमिनीवर पडलेली वस्तू नको, जवळ चार्जर नको. हलू नका, उडू नका. संशयित वस्तू हातात घ्या आणि तिच्यातली ऊर्जा लिहा. फोनवर ३० सेकंद लावा. पुन्हा लिहा. फरकाला ६०० ने भागलं की टिकमागचा खर्च.

टूलटिपवरचा, म्हणजे माउस नेल्यावर येणाऱ्या चौकटीतला आकडा गोल केलेला असतो, ‘३१२ के’ असा, त्याच्यावर भिस्त ठेवू नका. चीट्स चालू असतील तर स्लॅश देऊन ‘डेटा गेट एन्टिटी’, मग ‘अ‍ॅट’चं चिन्ह आणि त्याला चिकटून एस, मग ‘सिलेक्टेडआयटेम’ असं टाका. अर्थात इंग्रजी अक्षरांत, आणि शेवटच्या शब्दातले एस आणि आय मोठे, मध्ये जागा नाही. हातातल्या वस्तूचा सगळा डेटा चॅटमध्ये येतो, आणि त्यात ‘एनर्जी’पुढे नेमका आकडा असतो. मेकॅनिझमच्या वस्तूत तो मेकॅनिझमच्या स्वतःच्या डेटात आणि ज्यूलमध्ये सापडेल, म्हणजे भरलेल्या टॅब्लेटला चार नव्हे तर दहा लाख दिसले तर बरोबरच आहे. १.२०.५ पासून वस्तूंचा डेटा एनबीटीऐवजी कॉम्पोनन्टमध्ये गेला, त्यामुळे तिथे हेच उत्तर वेगळ्या मांडणीत येतं. चीट्स बंद असलेल्या सिंगलप्लेअर वर्ल्डमध्ये एस्केप दाबून ‘ओपन टू लॅन’मधून तेवढ्यापुरती चालू करता येतात.

या कमांडचा आणखी एक मोठा उपयोग. टूलटिप तुमच्या क्लायंटला (तुमच्या पीसीवरच्या गेमला) जे माहीत आहे ते दाखवते, कमांडचं उत्तर सर्व्हरकडून येतं. सिंगलप्लेअरमध्येसुद्धा आत एक सर्व्हर चालतच असतो. टूलटिपमधला आकडा घसरतोय आणि कमांडचा आकडा जागचा हलत नाही, असं दिसलं तर ऊर्जा कुठेच गेलेली नाही. मॉडने खर्च फक्त क्लायंटवर वजा केलाय, एवढंच. वर्ल्डमधून बाहेर पडून परत आलात की आकडा पूर्ववत होतो. दिसायला भयंकर, पण निरुपद्रवी, आणि मुलं सगळ्यात जास्त आरडाओरडा यावरच करतात.

गेली कुठे?

आता कागदावर दुसरा रकाना काढा. तुमच्या अंगावर, हॉटबारमध्ये, इन्व्हेंटरीत आणि क्युरिओजच्या (अंगठी वगैरे घालायच्या जादा जागा देणाऱ्या मॉडच्या) स्लॉटमध्ये चार्ज होणारी जी जी वस्तू आहे तिचा आकडा लिहा आणि बेरीज मारा. ३० सेकंदांनी पुन्हा बेरीज. बेरीज तेवढीच राहिली तर ऊर्जा एका वस्तूतून दुसरीत गेली आहे, म्हणजे हा बग नाही, कोणीतरी चार्जिंग करतंय. बेरीज कमी झाली आणि एखादी वस्तू चालू अवस्थेत आहे, तर तो वापर असू शकतो, मग दर तपासायचा. सगळं बंद आहे आणि तरीही बेरीज कमी होतेय, तेव्हा गळतीचा संशय घ्यायचा.

चार्जिंग करणारे बहाद्दर कोण, तर थर्मल मॉडचा फ्लक्स कपॅसिटर. तो मोड बदलून चालू केला की खिशातल्या इतर वस्तू भरत बसतो. मेकॅनिझमचं चिलखत मेकासूट घालणारे लोक चार्ज डिस्ट्रिब्यूशन युनिट बसवतात आणि विसरून जातात. त्यात सूटच्या भागांत चार्ज वाटायचा एक पर्याय आहे आणि इन्व्हेंटरीतल्या वस्तू भरायचा दुसरा. दुसरा चालू असेल तर छातीवरच्या चिलखताची ऊर्जा तुमच्या ड्रिलमध्ये, चुंबकात, जिथे जागा असेल तिथे जाणार. भाच्याच्या एका दोस्ताने यावरून अख्खा मॉडपॅक बदलायची भाषा केली होती. तो पर्याय बंद केल्यावर गप्प झाला.

बेसवरची बॅटरी रिकामी होत असेल आणि फ्लक्स नेटवर्क्स हा मॉड असेल तर फ्लक्स कंट्रोलर बघा. त्याच्या वायरलेस चार्जिंगमध्ये हात, हॉटबार, चिलखत, इन्व्हेंटरी असे वेगवेगळे पर्याय आहेत, आणि नेटवर्कमध्ये सामील असलेल्या मित्राच्या खिशातल्या वस्तूसुद्धा तुमच्या जनरेटरवर भरतात. अशा वेळी रागवायचं कोणावर ते आपलं आपण ठरवा.

मशीनमध्ये ठेवलेली वस्तू रिकामी होत असेल तर स्लॉट चुकला असण्याची शक्यता जास्त. मेकॅनिझमच्या एनर्जी क्यूबला दोन स्लॉट असतात, एक वस्तू भरणारा आणि एक वस्तूतून ओढून घेणारा. साध्या मशीनचा पॉवर स्लॉट तर ओढणाराच. तिथे टॅब्लेट ठेवून ‘चार्ज होत नाही, उलट कमी होतोय’ म्हणणाऱ्याला काय सांगणार!

एक सोपी चाचणी सगळ्यांनी करावी: वस्तू व्हॅनिलाच्या, म्हणजे मूळ गेमच्या साध्या पेटीत मिनिटभर टाका. साध्या पेटीतल्या वस्तूला टिक मिळत नाही, ती स्वतःहून काही खर्च करू शकत नाही. पेटीतही चार्ज घटला, तर वस्तू निर्दोष आहे. पेटीला लागलेला पाइप, केबल किंवा जवळचं एखादं मशीन तिच्यातून ओढतंय. बॅकपॅकमध्ये मात्र ही चाचणी करू नका. तिथली अपग्रेड आतल्या वस्तूंना हात लावू शकतात.

१.२०.३ पासून ‘टिक फ्रीझ’ ही कमांड आली आहे, तिने खेळाडू सोडून बाकी जग थिजतं. फ्रीझमध्येही खिशातला आकडा पडत राहिला तर मशीन आणि केबलवरचा संशय बराचसा उतरतो. १.२०.१ वर ही सोय नाही, तिथे पेटीवरच भागवायचं.

आकडा काय सांगतो

हा भाग नीट वाचा. टिकमागचा खर्च हातात आला की तो मॉडच्या कॉन्फिगमधल्या (सेटिंगच्या फायलीतल्या) आकड्याशी ताडून बघायचा. कॉन्फिग दोन ठिकाणी असतो: गेमच्या फोल्डरमधला ‘कॉन्फिग’, आणि वर्ल्डच्या स्वतःच्या फोल्डरमधला ‘सर्व्हरकॉन्फिग’. खर्चाचे आकडे बहुधा दुसऱ्यात. ‘डीफॉल्टकॉन्फिग्ज’ नावाचं तिसरं फोल्डर दिसेल, पण त्यातलं फक्त नव्या वर्ल्डमध्ये कॉपी होतं. तिथे बदल करून जुन्या वर्ल्डमध्ये काही होत नाही. सर्व्हरवर खेळत असाल तर सर्व्हरवरचाच आकडा लागू, तुमच्या पीसीवरचा नव्हे.

भाच्याच्या रिंगचं उदाहरण देते. ती एका छोट्या मॉडची होती, नाव घेत नाही. बोटात घातली की आसपासच्या वस्तू ओढते, त्यासाठी ऊर्जा खाते. त्याच्या मते ती ‘बंद असताना पण’ खात होती. पहिलं रीडिंग ३,१२,०००. तीस सेकंदांनी २,६४,०००. फरक ४८,०००, भागिले ६००, म्हणजे टिकला ८०. कॉन्फिगमध्ये लिहिलेलं होतं ४०. ‘बंद’चा उलगडा लगेच झाला, रिंग बंद नव्हतीच, मोड बदलायची कळ व्ही होती आणि त्याच व्हीवर जेटपॅकचं इंजिन पण होतं. जेटपॅक बंद केला की रिंग चालू. कंट्रोल्सच्या यादीत अशा भांडणाऱ्या कळा वेगळ्या रंगात दिसतात, तिथे डोकावायची सवय लावून घ्या. पण कळ बदलली तरी ४० च्या जागी ८० का, हा प्रश्न उरलाच.

बरोब्बर दुप्पट आकडा आला की दोन शक्यता. एक, तीच वस्तू खिशात दोनदा आहे. हे हसण्यावारी नेऊ नका, क्युरिओजच्या स्लॉटमधली वस्तू मुख्य इन्व्हेंटरीत दिसत नाही आणि दुसरी बॅकपॅकमध्ये असते. दोन, मॉडचा कोड एका टिकमध्ये दोनदा चालतोय. जुन्या फोर्जमध्ये खेळाडूच्या टिकची सूचना मॉडला दोनदा मिळते, टिक सुरू होताना आणि संपताना. आपल्याला कोणत्या वेळी काम करायचंय हे मॉडने तपासायचं असतं. ते तपासलं नाही तर सगळं दोनदा होतं, खर्चही. जावा मला जेमतेम वाचता येतं, पण त्या रिंगचा कोड उघडा होता, आणि खर्च वजा करणाऱ्या ओळीच्या वर ती तपासणी नव्हती. दोन सूचनांमध्ये प्रत्येकी ४०, झाले ८०. फोर्जमधून वेगळ्या निघालेल्या निओफोर्जने पुढे या सूचनेचे आधीची आणि नंतरची असे दोन वेगळे प्रकार केले, त्यामुळे तिथे ही चूक व्हायला कमी वाव आहे.

दुसरी खूण: टिकमागचा खर्च वस्तूच्या कमाल देवघेवीच्या दराएवढाच येतो. टूलटिपमध्ये ‘ट्रान्स्फर’ म्हणून १,००० लिहिलेलं असेल आणि तुमचं रीडिंगही १,००० असेल, तर कोणीतरी तिच्याकडे मिळेल तेवढं मागतंय. समोर कोणाचा आकडा वाढत असेल तर ते चार्जिंग. कोणाचाच वाढत नसेल तर प्रकरण मजेदार आहे. फोर्ज एनर्जीत एखाद्याकडून ऊर्जा घेण्याआधी ‘समजा मागितली तर किती देशील?’ असं नुसतं विचारायची सोय आहे. मागणीबरोबर एक खूण जाते, खरी की खोटी, आणि खोट्या मागणीला वस्तूने फक्त आकडा सांगायचा, साठ्याला हात लावायचा नाही. काही वस्तू ही खूण वाचतच नाहीत. विचारणारा प्रत्येक टिकला विचारतो, वस्तू प्रत्येक वेळी खरोखर देते, घेणारा घेत नाही, आणि ऊर्जा हवेत जाते. ही खरी गळती. लक्षण हे की एखादी विशिष्ट दुसरी वस्तू किंवा ब्लॉक जवळ असतानाच ती होते. तो दुसरा बिचारा नियमाने वागत असतो आणि आळ त्याच्यावर येतो. अशा वेळी तक्रार देणाऱ्या वस्तूच्या मॉडकडे करायची, विचारणाऱ्याच्या नाही.

खर्च एकसारखा नसून झटक्यांनी होत असेल, तर तो वापर. मेकासूट तुमच्यावर आलेला मार ऊर्जेने झेलतो, झोम्बीच्या घोळक्यात उभं राहून बॅटरी का गेली विचारू नये. अप्लाइड एनर्जिस्टिक्सच्या वायरलेस टर्मिनलचा खर्च अ‍ॅक्सेस पॉइंटपासून लांब गेलात की वाढतो. जेटपॅकचा होव्हर चालू राहिला तर नुसतं तरंगतानाही खर्च होतो.

हातातली वस्तू सारखी खाली-वर हलल्यासारखी दिसत असेल, जणू नुकतीच हातात घेतली, तर तिचा डेटा सारखा बदलतोय. ही सुद्धा चांगली खूण, फक्त बरेच मॉड ती हालचाल मुद्दाम दाबतात, म्हणून वस्तू स्थिर दिसली याचा अर्थ काही घडत नाही असा घेऊ नका.

राहिला एक किरकोळ प्रकार. फोर्ज एनर्जीत एका वेळचा आकडा २,१४,७४,८३,६४७ च्या वर जाऊ शकत नाही. काही मॉडच्या साठ्याची क्षमता त्याहून मोठी असते. अशा वस्तू दुसऱ्या मॉडला त्या मर्यादेवर अडकलेल्या दिसतात, म्हणून ‘भरतच नाही’ किंवा ‘कमीच होत नाही’ अशी तक्रार येते. साठा ठीक असतो, मीटर छोटा असतो.

तरी सापडलं नाही तर

आता मॉड काढायचे, पण वेगळ्या इन्स्टन्समध्ये, म्हणजे गेमच्या स्वतंत्र मांडणीत. प्रिझम लाँचरमध्ये इन्स्टन्सची प्रत निघते आणि प्रत्येक मॉडसमोरची खूण काढून तो बंद करता येतो. तसा लाँचर नसेल तर जार फायलीच्या नावापुढे ‘.डिसेबल्ड’ जोडलं तरी फोर्ज ती उचलत नाही.

पुष्कळ लोक लगेच निम्मे मॉड बंद करायला घेतात. मी उलट टोकाकडून जाते. रिकाम्या इन्स्टन्समध्ये फक्त वस्तूचा मॉड आणि त्याला लागणाऱ्या लायब्ररी टाका, नवं सपाट वर्ल्ड करा, क्रिएटिव्हमधून वस्तू घेऊन भरा, सर्व्हायव्हलमध्ये या आणि रीडिंग घ्या. चूक इथेही दिसली तर बाकीचे दोनशे मॉड सुटले, विषय संपला. आमच्या रिंगचं असंच झालं, एकटी असतानाही ८०.

इथे ४० आले असते तर मात्र दोन मॉडच्या भांडणाचा प्रकार, आणि मग निम्मे-निम्मे करण्यावाचून गत्यंतर नाही. घरात ईएलसीबी सारखा ट्रिप होत असला की आपण सगळे एमसीबी पाडतो आणि एकेक वर करत कोणत्या लाइनवर पडतो ते बघतो; इथे फक्त एकेकाऐवजी अर्धे-अर्धे. दोनशे मॉड असले तरी आठ फेऱ्यांत उत्तर येतं. वस्तूचा मॉड आणि लायब्ररी प्रत्येक फेरीत चालूच ठेवायच्या. यादी आधी चाळून घ्या: ऊर्जा, चार्जिंग, अंगावरचे स्लॉट, बॅकपॅक यांच्याशी संबंध असलेले मॉड पहिल्या फेरीत एका बाजूला घ्या. नकाशा आणि शेडरवाल्यांना सर्वात शेवटी त्रास द्या. क्राफ्टट्वीकर किंवा क्यूबजेएस असेल तर पॅकवाल्याच्या स्क्रिप्टही एका फेरीत बाजूला करून बघा, कारण पॅक बनवणारे वस्तूंचं वागणं तिथून बदलतात.

कधी कधी मॉड ठीक असतो आणि वस्तूच बिघडलेली असते. मॉडच्या जुन्या आवृत्तीत बनवलेली वस्तू, मधे दोनदा अपडेट झालं, तिच्या डेटात जुना मोड अडकून राहिला. क्रिएटिव्हमधून तीच वस्तू नवी घ्या, दोन्हींवर मघाची डेटा कमांड चालवा आणि उत्तरं शेजारी ठेवा. नवी नीट वागत असेल आणि जुन्यात एखादं जास्तीचं नाव दिसत असेल तर जुनी फेकून द्या. एन्चँटमेंटचं वाईट वाटतं, मान्य आहे.

‘लेटेस्ट लॉग’ फाइल मी सगळ्यांत शेवटी उघडते. ऊर्जेच्या चुकीने गेम कोसळत नाही, त्यामुळे लॉगमध्ये बहुधा काहीच नसतं. वस्तूच्या मॉडच्या नावाने शोधा, कॉन्फिग वाचता न आल्याची ओळ असेल तर ती कामाची. अशा वेळी मॉड मूळ आकड्यांवर चालतो आणि तुमचे बदल लागूच होत नाहीत. बाकी लाल-पिवळ्या ओळींना घाबरू नका, मोठ्या पॅकमध्ये त्या शेकड्यांनी असतात.

कळवताना

मॉडच्या पानावर, कर्सफोर्ज असो वा मॉडरिंथ, इश्यूची (तक्रार नोंदवायची) लिंक असते. आधी बंद झालेले इश्यू आणि नव्या आवृत्तीची बदलांची यादी वाचा. पॅकमध्ये मॉडची जुनी आवृत्ती गोठवलेली असते आणि तुमचा बग दोन आवृत्त्यांपूर्वीच दुरुस्त झालेला असतो, असं फार होतं. चूक फक्त पॅकमध्ये दिसते आणि मॉड एकटा असताना दिसत नाही, तर पहिली पायरी पॅकवाल्यांकडे.

लिहायचं साध्या इंग्रजीत, चार ओळी पुरतात. गेमची, फोर्जची आणि मॉडची नेमकी आवृत्ती. ‘लेटेस्ट’ लिहू नका, उद्या ती बदलते. किती कमी मॉडमध्ये चूक दिसते ती यादी. कुठे उभे राहून काय केलं. आणि अपेक्षित किती, मिळालं किती. ‘युअर मॉड ईट्स माय पॉवर’ या वाक्याला फुकटात काम करणारा माणूस काय उत्तर देणार? ‘कॉन्फिगमध्ये ४०, मोजले ८०, मॉड एकटा असताना’ एवढं लिहिलं की त्याला कुठे बघायचं ते कळतं. लॉग जोडण्याआधी एकदा उघडून बघा, त्यातल्या फोल्डरच्या पत्त्यांमध्ये तुमच्या कॉम्प्युटरवरचं नाव असतं, आणि पोरांच्या बाबतीत ते बहुतेक वेळा आई-बाबांचं पूर्ण नाव असतं.

दुरुस्ती येईपर्यंत खेळ थांबवायची गरज नाही. दुपटीचा खर्च असेल तर सर्व्हरकॉन्फिगमध्ये आकडा निम्मा करा. आम्ही रिंगला २० दिले आणि रीडिंग बरोबर ४० आलं. खोट्या मागणीची गळती असेल तर देणारी वस्तू आणि मागणारी वस्तू एका वेळी अंगावर ठेवू नका. आणि नवी आवृत्ती टाकलीत की कॉन्फिगमधला बदल आधी परत फिरवा, नाहीतर खर्च निम्मा होईल आणि ती तक्रार कोणी करणार नाही. मग तेच ३० सेकंदांचं रीडिंग पुन्हा घ्या आणि आकडा इश्यूखाली लिहा, म्हणजे मॉडवाल्याला तो बंद करता येतो.